शालिमार की अंब्र सुल्तान?

देवमाशाची उलटी पकडल्याची बातमी आता कोणाला नवी राहिलेली नाही. कधी सिंधुदुर्गात, कधी ठाण्यात, कधी थेट पुण्यात सापळा लागतो, दोघातिघांना अटक होते आणि मथळ्यात कोटींचा आकडा झळकतो. बातमीच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं: या पदार्थाचा वापर महागड्या अत्तरांमध्ये होतो. त्यातच ‘शालिमार’ या अंबर घराण्यातल्या सर्वांत प्रसिद्ध फ्रेंच परफ्यूमने 2025 मध्ये शंभरी गाठली. त्यामुळे अंबरचा विषय निघाला की समोरचा हमखास विचारतो, ‘म्हणजे त्यात ती उलटी असते का?’

नसते. अंबर नावाने विकल्या जाणाऱ्या मऊ, गोडसर, उबदार परफ्यूमचा देवमाशाशी काही संबंध नाही. देवमाशाच्या आतड्यात तयार होतो तो अंबरग्रीस. माकुळांच्या न पचलेल्या चोची आतड्याला टोचू नयेत म्हणून त्यांच्याभोवती तो साठत जातो. त्याचा वास खारट, मातकट, किंचित तंबाखूसारखा असतो. तो परफ्यूमला टिकाऊपणा देई, पण जिनिव्हाच्या फिर्मेनिश कंपनीने 1950 मध्येच त्याला पर्याय शोधला. क्लेरी सेज या वनस्पतीतल्या एका घटकापासून बनणारं ते रसायन अँब्रॉक्स किंवा अँब्रॉक्सन म्हणून ओळखलं जातं आणि आज बाजारातल्या असंख्य बाटल्यांत असतं. कायद्याचं म्हणाल तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा देवमासा संरक्षित आहे. त्याची उलटी बाळगणं किंवा विकणं हा आपल्याकडे गुन्हा आहे.

मग अंबर परफ्यूममध्ये असतं काय? मुख्यतः तीन गोष्टी: लॅबडॅनम हा डिंक, ऊद आणि व्हॅनिला. यातला ऊद आपल्या घरातलाच आहे. पूजासाहित्याच्या दुकानात ऊद किंवा लोबान म्हणून पांढरट-तपकिरी खडे मिळतात, त्यांना इंग्रजीत बेंझॉइन म्हणतात. खडा निखाऱ्यावर टाकला की पहिला धूर झणझणीत येतो, घशाला लागतो. तो बेंझॉइक आम्लाचा. खडा वितळून निखाऱ्यावर पसरला की धूर मंदावतो आणि खोलीत गोड, दुधाळ वास रेंगाळायला लागतो. अंबरचा मऊपणा म्हणतात तो बराचसा इथूनच येतो. तिन्हीसांजेला घरात ऊद घातलेला ज्याने पाहिला आहे, त्याला अर्धा अंबर आधीच ठाऊक आहे. आपण या वासाकडे परका म्हणून का पाहतो, ते मला कळत नाही.

व्हॅनिलाचं सगळ्यांना माहीत आहे. राहिला लॅबडॅनम. माझ्या मते या विषयातला सर्वांत रंजक भाग तोच, म्हणून त्यावर थोडा रेंगाळतो.

भूमध्य समुद्राभोवतीच्या कोरड्या टेकड्यांवर सिस्टस नावाचं झुडूप वाढतं. फुलं पांढरी किंवा गुलाबी, चुरगळलेल्या कागदासारख्या पाकळ्यांची. उन्हाळ्याच्या भर दुपारी त्याची पानं आणि कोवळ्या फांद्या चिकट राळ पाझरतात. पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाडाने केलेली ती तजवीज. शेळ्या या झुडपांतून चरत जात तेव्हा राळ त्यांच्या दाढीला आणि मांड्यांच्या केसांना चिकटे आणि गुराखी ती विंचरून काढत. इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसने हे लिहून ठेवलं आहे. इतका सुगंधी पदार्थ इतक्या दुर्गंधी जागी सापडावा, याचं त्याला नवल वाटलं होतं. क्रीट बेटावरच्या सिसेस गावात आजही ही राळ हाताने गोळा करतात. आता शेळीऐवजी लांब दांड्याला चामड्याच्या किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या बांधलेलं झाडूसारखं अवजार असतं. ऐन दुपारच्या उन्हात झुडपांवर ते फटकारायचं आणि पट्ट्यांवर जमलेली काळी राळ सुरीने खरवडून घ्यायची. ऊन कमी झालं की राळ येत नाही, त्यामुळे हे काम सकाळी गारव्यात उरकता येत नाही. स्पेनमध्ये अंदालुसियात मात्र फांद्याच कापतात, सोडा घातलेल्या पाण्यात उकळतात आणि मग आम्ल घालून डिंक वेगळा करतात. परफ्यूमच्या कारखान्यांना लागणारा बहुतेक माल या दुसऱ्या वाटेने येतो.

हा डिंक हातात घेतला तर डांबरासारखा काळा आणि चिवट. वास मात्र एकाच वेळी अनेक दिशांनी येतो: चामडं, सुकी पानं, मध, जुनं लाकूड आणि खाली कुठेतरी जनावराच्या अंगाची ऊब.

हा पदार्थ हिंदुस्थानला चारशे वर्षांहून अधिक काळ माहीत आहे, हे मात्र आपण पार विसरलो. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त बादशहाच्या सुगंधखान्यावर एक प्रकरण आहे. अकबराला सुगंधांची विलक्षण आवड होती. दरबारात रोज सोन्याचांदीच्या धूपदाण्यांतून धूप जळे. त्या प्रकरणात कस्तुरी, अगरू, चंदन, कापूर यांच्या बरोबरीने ‘लादन’ येतो. सायप्रसच्या बाजूला वाढणाऱ्या झाडाच्या पानांवरचा हा ओलावा शेळ्यांच्या मांड्यांच्या केसांना आणि खुरांना चिकटतो, असं अबुल फजल सांगतो आणि केस मिसळलेला लादन उत्तम मानतात, अशी नोंदही करतो. मला सर्वांत मोलाची वाटली ती त्याने जोडलेली माहिती: या राळेलाही बरेचदा अंबरच्याच नावाने ओळखतात. म्हणजे देवमाशाचा अंबर आणि झुडपाचा अंबर यांचा आज मथळ्यांत दिसणारा घोळ अकबराच्या काळीही होता. आपल्या वृत्तपत्रांनी तो नव्याने घातलेला नाही.

सुगंधाच्या या शास्त्रात मराठीचाही वाटा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर भारतीय सुगंधांच्या इतिहासावर लेखांमागून लेख लिहिले. गंगाधराचा ‘गंधसार’ हा संस्कृत ग्रंथ आणि त्याच्या जोडीला मिळालेला ‘गंधवाद’ त्यांनीच अभ्यासकांसमोर आणला. या ‘गंधवादा’वरची टीका मराठीत आहे! सुगंध कसा घडवावा, द्रव्यं कशी भिजवावीत, शिजवावीत, धुपवावीत हे आपल्या भाषेत लिहून ठेवलेलं होतं आणि गोड्यांनी शोधून काढेपर्यंत ते कोणाच्या गावीही नव्हतं. गोड्यांचे हे लेख शाळा-महाविद्यालयांत कोणी वाचायला लावत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता बाटल्यांकडे. अंबरचं सगळं गणित लॅबडॅनम आणि व्हॅनिला यांच्या ओढाताणीवर चालतं. व्हॅनिलाकडे झुकला तर गोड आणि गुबगुबीत, राळेकडे झुकला तर कोरडा आणि रानटी. ऊद दोघांना सांधतो. या दोन टोकांचे दोन उत्तम नमुने म्हणून मी ‘शालिमार’ आणि ‘अंब्र सुल्तान’ निवडतो. दोन्ही फ्रेंच, दोन्हींच्या नावांत पूर्वेची ओढ आणि दोन्ही मऊ, पण त्यांचा मऊपणा वेगवेगळा.

‘शालिमार’ गेर्लां या घराण्याचं, जाक गेर्लांने घडवलेलं. आर्ट डेको हे नाव ज्या पॅरिसच्या 1925 च्या प्रदर्शनावरून पडलं, त्याच प्रदर्शनात ते मांडलं गेलं आणि त्याच्या बाटलीला बक्षीस मिळालं. मरीन ड्राइव्हच्या गोलाकार गच्च्या आणि ‘शालिमार’ची पंख्यासारखी बाटली एकाच काळाची लेकरं आहेत. मागची दंतकथा अशी: एथिल व्हॅनिलिन हे व्हॅनिलाच्या वासाचं नवं रसायन हाती आलं, साध्या व्हॅनिलिनच्या सुमारे तिप्पट जोराचं. जाकने ते घराण्याच्या 1889 च्या ‘जिकी’ या परफ्यूमच्या बाटलीत ओतून पाहिलं आणि ‘शालिमार’ जन्मलं. खरं-खोटं कसंही असो, दोन्ही शेजारी ठेवून हुंगली की नातं लगेच कळतं.

नावाची कथा मात्र मी जशीच्या तशी स्वीकारत नाही. शहाजहानने मुमताजसाठी शालिमार बाग फुलवली आणि तिच्या आठवणीने हे परफ्यूम झालं, असं जाहिरातीत सांगतात. मुमताज 1631 मध्ये बुऱ्हाणपूरला, म्हणजे आपल्या खानदेशाच्या उंबरठ्यावर वारली. लाहोरची शालिमार बाग 1641 मध्ये सुरू झाली, तिच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. काश्मीरची त्याच नावाची बाग त्याआधीची, पण ती जहांगीरची. प्रेमकथा विकायला सोपी असते म्हणून सनावळी बदलत नाहीत.

वासाचं पाहू. ‘शालिमार’ फवारलं की आधी बर्गमॉट येतो, एका कडवट-आंबट लिंबूवर्गीय फळाच्या सालीचा वास, आणि भरपूर येतो. पहिल्यांदा हुंगणाऱ्याला वाटतं, हे तर फरशी पुसायच्या द्रवासारखं. इथेच बहुतेक जण बाटली खाली ठेवतात आणि इथेच त्यांची निवड चुकते. हा आंबटपणा उगाच नाही. चक्क्याची आंबट धार नसेल तर श्रीखंड नुसतं साखरेचं होतं, तसंच बर्गमॉटशिवाय हा व्हॅनिला अंगावर आला असता. अर्ध्या तासात लिंबू ओसरतं. मग थोडं आयरिसच्या कंदाचं पावडरी अंग आणि त्याखालून खरी वस्तू: व्हॅनिला, पण धुरकट. तो धूर ओपोपोनॅक्सचा. हिराबोळाच्याच कुळातली ही गोडसर राळ. बाळंतिणीच्या औषधांत हिराबोळ पाहिलेल्यांना हा कडू-गोड सूर ओळखीचा वाटेल. चार-पाच तासांनी कातडी, धूर आणि व्हॅनिला एवढंच उरतं. कपड्यावर ते दुसऱ्या दिवशीही असतं.

यात एक व्यावहारिक बाब. ‘ओ द पार्फ्यूम’ या दाट प्रकारात व्हॅनिला वरचढ आहे. ‘ओ द तॉयलेत’ या हलक्या प्रकारात लिंबू आणि धूर जास्त जाणवतात. आपल्या हवेला दुसरा बरा. ‘शालिमार’ नावापुढे आणखी शब्द जोडलेल्या बाटल्याही मिळतात. त्या वेगळ्या आहेत. पहिल्यांदा घेताना साधं ‘शालिमार’च घ्यावं.

‘अंब्र सुल्तान’ सर्ज लुतांसचं, क्रिस्टोफर शेल्ड्रेक या सुगंधकाराने घडवलेलं, नव्वदच्या दशकातलं. लुतांस मूळचे छायाचित्रण आणि सौंदर्यप्रसाधनांच्या दुनियेतले. मोरोक्कोतल्या माराकेशवर त्यांचा जीव जडला. तिथल्या बाजारात अंबर म्हणून मेणासारखे सुगंधी तुकडे मिळतात, राळा आणि मेण एकत्र करून केलेले. असा एक तुकडा लाकडी डबीत बरीच वर्षं पडून राहिला आणि पुन्हा डबी उघडल्यावर त्या वासातून या परफ्यूमची कल्पना सुचली, असं सांगतात.

याची सुरुवात ‘शालिमार’च्या अगदी उलट. लिंबू नाही, फुलं नाहीत. तमालपत्राच्या जातीचं पान, ओरेगॅनो, धणे, अँजेलिका. पहिली पंधरा मिनिटं मसाल्याच्या डब्याचं झाकण उघडं राहिल्यासारखं वाटतं आणि नवखा माणूस बिचकतो. पण ही पानं राळेची गोडी कापायला आहेत. हळूहळू लॅबडॅनम वर येतो, ऊद आणि व्हॅनिला त्याला खालून धरतात, आणि शेवटी उरतो तो कोरडा, उन्हात तापलेल्या झुडपाचा वास. साखर आहे, पण तिला कधीही पुढाकार मिळत नाही. पुरुषांनी लावावं की बायकांनी, हा प्रश्न इथे पडतच नाही. ‘शालिमार’च्या बाबतीत तो अजून विचारला जातो, आणि विचारणारे चुकतात. व्हॅनिला आणि धूर कोणाच्याही अंगावर शोभतात.

हवेचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण बाहेरचे परीक्षक तो आपल्यासाठी लिहीत नाहीत. पॅरिसच्या नोव्हेंबरसाठी घडवलेली वस्तू आपण दादरच्या मे महिन्यात लावतो आणि मग डोकं दुखलं म्हणतो. उष्ण त्वचेवरून सुगंध झपाट्याने उडतो. हलके घटक काही मिनिटांत जातात आणि जड, गोड घटक एकदम भोवती जमा होतात. लोकलच्या डब्यात ते शेजाऱ्यालाही भोगावे लागतात. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’च्या ऋतुचर्येत हेमंतात केशर-कस्तुरीचा लेप आणि अगरूचा धूप सांगितला आहे, ग्रीष्मात चंदन. उबदार वास थंडीत आणि थंड वास उन्हाळ्यात, हे इतक्या आधी लिहून ठेवलेलं आहे आणि ते अनुभवाला तंतोतंत पटतं. अंबर आपल्याकडे दिवाळीपासून होळीपर्यंत. पुणे, नाशिक, महाबळेश्वरची कोरडी थंडी त्याला मानवते. मुंबई आणि कोकणात एकच फवारा, तोही संध्याकाळी. नागपूरच्या जानेवारीत दोन चालतील.

दुकानात कसं पाहायचं, तेही सांगतो. आधी कागदाच्या पट्टीवर, पण निर्णय पट्टीवर नको. अंबर त्वचेवरच कळतो, कारण अंगाची ऊब मिळाल्याशिवाय राळ बोलत नाही. एका हातावर एक, दुसऱ्या हातावर दुसरं, कोपराच्या आतल्या बाजूला लावून दुकानाबाहेर पडा. बाजारातली कामं करा, जेवा आणि रात्री पुन्हा हुंगा. मधल्या काळात विक्रेता कॉफीच्या बिया नाकाखाली धरेल. त्याने नाक ताजंतवानं होतं, ही समजूत आहे. अमेरिकेतल्या बेलॉइट कॉलेजात 2011 मध्ये हे तपासलं गेलं, तेव्हा कॉफीचा वास साध्या हवेपेक्षा काही अधिक उपयोगी ठरला नाही. बाहेर जाऊन मोकळा श्वास घ्या किंवा स्वतःच्या धुतलेल्या शर्टाची बाही हुंगा.

‘सॉफ्ट अंबर’ असं छापलेलं दिसलं तरी त्यावर विसंबू नका. मायकल एडवर्ड्स या अभ्यासकाने परफ्यूमची जी वर्गवारी रूढ केली, तिच्यात 2021 पर्यंत या घराण्याला ‘ओरिएंटल’ म्हणत. अर्ध्या आशियाला एका बाटलीत कोंबणारं ते नाव गेलं ते उत्तम झालं. त्याजागी ‘अंबर’ आलं आणि ‘सॉफ्ट अंबर’ त्याचा एक पोटवर्ग झाला. पण बाजारात सध्या अंबर म्हणून जे धडाधड खपतं, त्यातलं पुष्कळसं या वर्गातलंही नसतं. त्यात अँब्रॉक्सन आणि तीक्ष्ण लाकडी वासाची नवी रसायनं असतात, वरून जाळलेल्या साखरेचा वास. लिफ्टमध्ये शिरताच जाणवणारा, नाकात सुईसारखा घुसणारा तो वास अनेकांना टिकाऊ म्हणून आवडतो. टिकाऊ आहेच. पण ऊद-लॅबडॅनमच्या मऊपणाशी त्याचं नातं फक्त खोक्यावरच्या नावापुरतं.

आणि अत्तर? मोहम्मद अली रोडवर किंवा आपल्या गावच्या अत्तरवाल्याकडे ‘अंबर’ मागा, काहीतरी नक्की मिळेल, बरेचदा छानही मिळेल. चंदनतेलाच्या आधारावर राळा-मसाल्यांचा माल असेल तर सोनं. पण स्वस्त कुपीत आधाराला रासायनिक द्रावक असतो आणि तासाभरात सपाट गोडवा उरतो. विचारून घ्या, मनगटावर लावून घ्या. जाणता अत्तरवाला घाई करत नाही, तुम्हालाही करू देत नाही. त्याच्याशी पाच मिनिटं बोलून जे कळतं, ते मॉलमधल्या चकचकीत काउंटरवर कळत नाही, हे मी ठामपणे सांगतो.

तर, दोहोंपैकी कोणतं? लग्नसमारंभाला, रेशमी साडीवर किंवा बंदगळ्यावर, वातानुकूलित सभागृहात जायचं असेल तर ‘शालिमार’ला तोड नाही. त्याच्यात एक थाट आहे आणि तो शंभर वर्षांत उतरलेला नाही. पण रोजच्या वापराला, महाराष्ट्राच्या हवेत, गोडाचा उबग न येता हिवाळाभर लावायला एकच बाटली घ्यायची असेल तर माझं मत ‘अंब्र सुल्तान’ला. त्यातली पानं आपल्या नाकाला परकी नाहीत, ऊद तर घरचाच, आणि त्याचा कोरडेपणा आपल्या दमट हवेतही आब राखतो. आपल्याकडे ते सहज मिळत नाही आणि स्वस्तही नाही. म्हणून मोठी बाटली मागवण्याआधी पाच-दहा मिलिलिटरची डिकॅन्ट, म्हणजे मोठ्या बाटलीतून काढून भरलेली छोटी कुपी, खात्रीच्या विक्रेत्याकडून घ्या आणि एक अख्खी थंडी वापरून पाहा. मार्चमध्येही तो वास हवाहवासा वाटला, तरच पूर्ण बाटलीचे पैसे घाला.